भंगाराचं वेगळं परमिट नसतं: कचरा, रद्दी आणि लोखंड नेणाऱ्या ट्रकबद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं सांगलीजवळ भंगाराचं गोदाम आहे. जवळच्या नगरपरिषदेचा सुका कचरा उचलून वेगळा करण्याचा ठेका तुमच्याकडे आहे. गाड्या दोन: एक छोटा हत्ती आणि एक २०१२ ला पासिंग झालेला सहा टायरचा ट्रक. लोखंड जालन्याच्या भट्ट्यांना, रद्दीच्या गासड्या गुजरातमधल्या वापीच्या पेपर मिलला आणि कशालाच न चालणारं प्लास्टिक-कापड कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्याला पाठवायचं आहे. "कचऱ्याच्या गाडीला परमिट लागत नाही" असं ओळखीच्या ठेकेदारानं सांगितलं, ट्रक हायवेला निघाला आणि १०,००० रुपयांचं चलन आलं. आता तुम्ही विचारताय की भंगाराचं परमिट कुठे आणि कसं काढायचं.

भंगाराचं किंवा कचऱ्याचं असं वेगळं परमिट आरटीओत नसतं. परमिट गाडीला मिळतं. हौद्यात साखरेची पोती आहेत की तुटलेल्या सायकली, याचा त्याच्याशी संबंध नाही. मालाची कागदपत्रं वेगळी, ती जीएसटीच्या कायद्यातून येतात. आणि तो माल ठेवायला, न्यायला, घ्यायला कोणाला परवानगी आहे हा तिसरा भाग, तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि नगरपरिषदेच्या करारात असतो. रस्त्यावर गाडी अडते ती बहुतेक वेळा या तिन्हींतला एखादा कागद नसल्यामुळे, किंवा तिन्ही असूनही त्यांच्यावरचा गाडी नंबर, वजन किंवा मालाचं नाव जुळत नसल्यामुळे.

आधी गाडी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ६६ सांगतं की परमिटशिवाय कोणतंही वाहतूक वाहन सार्वजनिक जागी वापरता येणार नाही. "माल माझा, गाडी माझी, भाडं कोणाकडून घेत नाही, मग परमिट कशाला?" हे भंगारवाल्यांकडून फार ऐकायला मिळतं. १९३९ च्या जुन्या कायद्यात स्वतःचा माल नेणाऱ्यांसाठी खासगी वाहकाचं वेगळं परमिट होतं. आताच्या कायद्यात तो भेद उरलेला नाही. मालवाहू गाडी स्वतःच्या धंद्यासाठी चालवा किंवा भाड्यानं, परमिट तेच.

मग सूट कोणाला? कलम ६६ च्या पोटकलम ३ मध्ये यादी आहे आणि तुमच्या कामाच्या दोन नोंदी तिथेच आहेत. पहिली वजनाची: ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोच्या आत आहे तिला परमिट लागत नाही. तुमचा छोटा हत्ती इथे बसतो. पण पुढे पिकअप घ्यायचा विचार असेल तर घेण्याआधी आरसीवर एकूण वजनाचा रकाना बघा. एकाच नावाच्या पिकअपचं एक मॉडेल ३,००० च्या आत असतं आणि थोडा लांब हौदा असलेलं दुसरं मॉडेल वर जातं. शोरूममधला माणूस "याला परमिट लागत नाही" म्हणतो तेव्हा तो बरेचदा दुसऱ्या मॉडेलबद्दल बोलत असतो. बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांनाही ऑक्टोबर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं परमिटमधून सूट दिली आहे. गावातल्या गावात गोळा करायला हा पर्याय गंभीरपणे बघण्यासारखा आहे.

दुसरी नोंद तुमच्या ठेकेदार मित्राच्या डोक्यात असलेली. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीची, किंवा तिच्याशी करार करून काम करणाऱ्याची गाडी, जर फक्त रस्ते सफाई, रस्त्यावर पाणी मारणं किंवा स्वच्छतेच्या कामासाठी वापरली जात असेल तर तिला परमिट लागत नाही. घंटागाड्या आणि कॉम्पॅक्टर याच आधारावर चालतात. या तरतुदीत "फक्त" हा शब्द निर्णायक आहे. तुमची गाडी सकाळी वॉर्डातून कचरा उचलून नगरपरिषदेच्या केंद्रावर टाकते तोवर ती या सुटीत आहे. त्याच केंद्रावरून वेगळं केलेलं लोखंड तुम्ही विकत घेतलंत आणि जालन्याला विकायला निघालात, की ती तुमच्या व्यापाराची गाडी झाली. हायवेवरचा अधिकारी एवढंच विचारतो: हा माल कोणाचा, कुठे चाललाय, पैसे कोण कोणाला देतंय? इन्व्हॉइसवर तुमच्या फर्मचं नाव असेल तर सूट तिथेच संपते. तीच गाडी आठवड्यातून एकदा जरी व्यापारासाठी वापरली तरी "फक्त" ही अट मोडते, आणि मग सकाळच्या फेरीलाही सूट मागता येत नाही. म्हणून घंटागाडीचं काम आणि विक्रीचा माल यांच्या गाड्या वेगळ्या ठेवा. ते जमत नसेल तर गाडीला सरळ परमिट काढा. परमिट असलेली गाडी सफाईचं काम करू शकते. उलटं चालत नाही.

सिमेंट कारखान्याला जाणाऱ्या मालाचं उत्तर करारावर अवलंबून आहे. नगरपरिषदेच्या कामाच्या आदेशात "अमुक कारखान्यापर्यंत वाहतूक" असं स्पष्ट लिहिलं असेल, खर्च नगरपरिषद देत असेल आणि गाडी दुसऱ्या कशालाच वापरत नसाल, तर सुटीचा दावा करता येतो. तरी माझा सल्ला परमिट काढण्याचाच आहे. परराज्याच्या नाक्यावर रात्री दोन वाजता मराठीतला कार्यादेश दाखवून कायद्याचा अर्थ समजावून सांगण्याची वेळ ड्रायव्हरवर आणू नये.

आणि परमिटमधून सूट म्हणजे फक्त परमिटमधून सूट. फिटनेस, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं योग्य लायसन्स, वजनाची मर्यादा, ताडपत्री यातलं काहीच त्यात येत नाही. जाता जाता: ट्रॅक्टर-ट्रॉलीतून हायवेनं भंगार नेण्याच्या फंदात पडू नका. शेतीसाठी नोंदवलेली ट्रॉली व्यापारी मालाला वापरली की नोंदणी, कर आणि विमा तिन्ही बाजूंनी अडचण होते.

तुमच्या सहा टायरच्या ट्रकला महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, म्हणजे सांगली ते जालना, राज्याचं मालवाहतूक परमिट पुरतं. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर होतो आणि परमिट पाच वर्षांसाठी मिळतं. मिळाल्यावर त्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे पूर्ण महाराष्ट्र लिहिलेलं आहे ना, हे आरटीओच्या खिडकीवरून हलण्याआधीच बघा. अर्ज अडकतो तो बहुधा मागच्या थकबाकीमुळे: न भरलेली ई-चलनं, रोड टॅक्स, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांचा पर्यावरण कर. फिटनेस संपलेलं असेल तर आधी तेच. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांसाठी मिळतं, त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं, त्यामुळे २०१२ च्या गाडीला हे वार्षिक काम आहे. चालू फिटनेस आणि चालू विमा हातात असल्याशिवाय परमिटच्या अर्जाला बसू नका.

वापी आणि कर्नाटकसाठी नॅशनल परमिट लागतं. इथे तुमच्या ट्रकची खरी अडचण आहे, आणि ती तुम्ही प्रश्नात विचारलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १२ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला नॅशनल परमिट मिळत नाही. दोनपेक्षा जास्त एक्सल (चाकं जोडणारे आडवे दांडे) असलेल्या गाडीसाठी ही मर्यादा १५ वर्षं आहे. सहा टायरचा ट्रक म्हणजे दोन एक्सल. २०१२ ची गाडी त्या मर्यादेच्या बाहेर गेली. हीच गाडी दहा टायरची असती तर थोडा काळ मिळाला असता. कोणी एजंट "करून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका. पोर्टल नोंदणीची तारीख वाचतं.

कायद्यात तात्पुरत्या परमिटची सोय आहे, कलम ८७ खाली, जास्तीत जास्त चार महिन्यांसाठी. पण ते दुसऱ्या राज्यात चालायला त्या राज्याच्या प्राधिकरणाची सहमती हवी, आणि दर महिन्याला रद्दी पाठवणाऱ्यासाठी तो नेहमीचा मार्ग होऊ शकत नाही. व्यवहाराचं सांगायचं तर तुमचा ट्रक महाराष्ट्रात जालन्याच्या कामाला ठेवा आणि वापी-कर्नाटकसाठी नॅशनल परमिटची गाडी भाड्यानं लावा. वापीहून सांगली-कोल्हापूरकडे भरून येणाऱ्या गाड्या परतीच्या मालाच्या शोधात असतात, त्यामुळे ट्रान्सपोर्ट ऑफिसला दोन दिवस आधी सांगितलं तर भाडंही बरं बसतं.

भाड्याची गाडी लावताना नॅशनल परमिटचे दोन कागद वेगवेगळे बघा. मूळ परमिट पाच वर्षांचं असतं, पण त्यावरचं ऑथरायझेशन, म्हणजे परराज्यात चालवायची मंजुरी, एका वर्षाचं. त्याची वार्षिक एकत्रित फी १६,५०० रुपये आणि ऑथरायझेशनची फी १,००० रुपये. गाडीमालक परमिटची तारीख दाखवतात आणि ती पुढची असते. ऑथरायझेशन मागच्या महिन्यात संपलेलं असतं. अशी गाडी गुजरात सीमेवरच्या अच्छाडच्या पुढे गेली की ती विनापरमिटच धरली जाते. आणखी एक अट: परराज्यातली नॅशनल परमिटची गाडी महाराष्ट्रातल्या एका ठिकाणी माल भरून महाराष्ट्रातच दुसऱ्या ठिकाणी उतरवू शकत नाही. त्यामुळे सांगलीला आलेला गुजरात पासिंगचा ट्रक स्वस्त मिळतोय म्हणून त्यात जालन्याचं लोखंड भरू नका. वापीची रद्दी भरा, ते चालतं.

१०,००० च्या चलनाबद्दल. चलनावर कोणतं कलम लिहिलंय ते बघा. १९२अ असेल तर ते परमिटचं. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पुन्हा सापडलात तर शिक्षा वाढते. १०,००० हा आकडा पीयूसीच्या कलमातही आहे, म्हणून नुसत्या रकमेवरून अंदाज बांधू नका. पण दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की परमिटशिवाय गाडी वापरणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे. विमा कंपनीला जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई द्यायला लावली जाते आणि मग ती सगळी रक्कम कंपनी गाडीमालकाकडून वसूल करते. हायवेवर एक अपघात झाला तर तो आकडा लाखांत जातो आणि गोदाम विकूनही फिटत नाही. ज्यांनी "दंड भरू, चालवू" असं ठरवलंय त्यांनी हे नीट समजून घ्यावं.

आता वजन आणि भरणी. भंगाराच्या गाड्या सगळ्यात जास्त इथेच अडकतात, आणि त्याला मालाचा स्वभाव कारण आहे. जाड भंगार, म्हणजे प्लेटचे तुकडे, गिअर, बिडाची कास्टिंग, हौदा अर्धा दिसतो तोवर वजन पूर्ण करून टाकतं. भरणारे हमाल डोळ्यानं भरतात, "अजून खूप जागा आहे" म्हणतात. पत्र्याचं भंगार आणि प्लास्टिक याच्या उलट: वजन काहीच नाही, पण माल फाळक्याच्या वर आणि बाजूंना बाहेर येतो. दोन्हींचे दंड वेगळे आहेत. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल स्वतःच्या खर्चानं तिथेच उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. माल बाजूला, मागे, पुढे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर वेगळे २०,००० रुपये. वजनाला थांबायला नकार दिला तर ४०,०००. राज्यांनी ठरवलेल्या तडजोडीच्या रकमांप्रमाणे प्रत्यक्ष भरणा थोडा बदलू शकतो, पण मूळ आकडे हे आहेत.

तुमच्याच ट्रकचा हिशोब मांडू. २०१२ च्या सहा टायरच्या आरसीवर एकूण वजन बहुधा १६,२०० किलो असेल. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं एक्सलची मर्यादा वाढवली, दोन एक्सलच्या ट्रकला १८,५०० आणि तीन एक्सलच्याला २८,५०० किलो झाली. म्हणून बरेच जण जुन्या गाडीतही दोन टन जास्त भरतात. तसं करू नका. काट्यावरचा अधिकारी आरसीवरचा आकडा धरतो. समजा रिकामी गाडी ६,००० किलो आहे, तर माल १०,२०० किलो. भरून १९,९०० झाली तर जादा ३,७०० किलो. चार टन धरले तर २०,००० अधिक ८,०००, म्हणजे २८,००० रुपये, आणि पावणेचार टन लोखंड रस्त्याकडेला उतरवण्याची मजुरी आणि ते उचलायला दुसरी गाडी. जादा भरलेल्या मालावरचा नफा यात कुठेच उरत नाही.

म्हणून रिकाम्या गाडीचा काटा आधी करा आणि ती पावती जपून ठेवा. भरताना अंदाजे ८० टक्के माल झाला की पुन्हा काट्यावर न्या आणि उरलेला मोजून भरा. दोनदा काटा करायचे पैसे दंडापुढे काहीच नाहीत. पुढचं-मागचं वजनही बघा. जाड माल मागच्या फाळक्याला रचला तर एकूण वजन बसूनही मागचा एक्सल जास्त होतो आणि घाटात गाडीचं पुढचं तोंड हलकं पडतं. जाड तुकडे मागच्या एक्सलच्या थोडे पुढे, हौद्याच्या तळाला. हलका माल वर.

हौद्याच्या बाजूंना फळ्या किंवा जाळीचा पत्रा लावून उंची वाढवण्याची पद्धत भंगारात सर्रास आहे. नोंदणीत नसलेला असा बदल कलम ५२ च्या विरुद्ध आहे आणि फिटनेसलाही अडतो. उंच हौदा हवाच असेल तर आरटीओची परवानगी घेऊन बांधा आणि आरसीवर चढवा. सळ्या, अँगल, पाइप मागे बाहेर काढून लाल फडकं बांधणं पूर्णपणे सोडा. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीच्या छातीच्या उंचीला त्या सळ्या असतात. गॅस कटरनं हौद्याच्या लांबीत कापून घ्या, भट्टीवाल्याला तसंही छोटे तुकडेच हवे असतात.

लेथचा बरादा, म्हणजे लेथवर निघणारा लोखंडाचा चुरा, नेत असाल तर त्यातलं तेल टिपकतं आणि मागच्या गाड्या घसरतात. हौद्यात जाड प्लास्टिक अंथरा, दोन दिवस उतरत्या फरशीवर तेल निथळू द्या आणि मगच भरा. सुका कचरा आणि रद्दी तर झाकल्याशिवाय हायवेला काढूच नका. आधी जाळी, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीची कड फाळक्याच्या खाली किमान हातभर आणि दोरी प्रत्येक हुकाला. नुसती वर टाकलेली ताडपत्री ६० च्या वेगाला फुगते आणि पिशव्या उडून मागच्याच्या काचेवर जातात. पावसाळ्यात ओल्या कचऱ्याचं वजन इतकं वाढतं की सकाळी बसलेलं वजन संध्याकाळी बसत नाही, आणि ओलावा जास्त म्हणून सिमेंट कारखानाही गाडी परत पाठवतो किंवा पैसे कापतो. म्हणून पावसात शेडमधून थेट भरणी करा, उघड्या ढिगातून नको.

मालाचे कागद. एकाच फेरीत विकला जाणारा माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचं बिल, लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १,००,००० रुपये आहे. परराज्यात जाताना ५०,००० च धरा. ई-वे बिलात पार्ट बी, म्हणजे गाडी नंबर, भरल्याशिवाय गाडी हलवू नका. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. सांगली-जालना चारशेच्या वर धरलं तर तीन दिवस मिळतात. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो, हे लक्षात ठेवा. गाडी वाटेत बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर पार्ट बी त्याच जागी बदला. मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास एवढ्याच खिडकीत वाढवता येते. भट्टीच्या गेटवर लाइनमध्ये गाडी दोन दिवस उभी राहते आणि मुदत तिथेच संपते, हे जालन्याला नेहमीचं आहे. ड्रायव्हरनं रोज संध्याकाळी गोदामात फोन करून मुदत सांगायची, अशी शिस्त लावा.

एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीत मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक, बरोबर घाला: लोखंड-स्टीलचं भंगार ७२०४, तांबं ७४०४, अॅल्युमिनियम ७६०२, प्लास्टिक ३९१५, रद्दी ४७०७, काच ७००१. एकाच ट्रकमध्ये तीन प्रकार असतील तर बिलात तीन ओळी हव्यात. "मिक्स स्क्रॅप" असं लिहून लोखंडाच्या कोडवर तांबं नेलं तर ते लपवलं असंच धरलं जातं, कारण दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कागद नसताना गाडी धरली आणि मालाचा मालक पुढे आला तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली कराच्या २०० टक्के दंड आहे. उदाहरणादाखल १० टन लोखंड, ३३ रुपये किलो धरलं तर ३,३०,००० रुपये. १८ टक्के कर ५९,४०० आणि दंड १,१८,८००.

१० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारात एक मोठा बदल झाला. नोंदणी नसलेल्या फेरीवाल्याकडून किंवा छोट्या दुकानदाराकडून तुम्ही, नोंदणीकृत व्यापारी, भंगार घेता तेव्हा त्यावरचा कर रिव्हर्स चार्जनं तुम्हीच भरायचा. आणि तुम्ही नोंदणीकृत भट्टीला विकता तेव्हा, कराराची रक्कम २,५०,००० च्या वर असेल तर, भट्टी २ टक्के टीडीएस कापते. रस्त्यावर याचा परिणाम असा: नोंदणी नसलेल्याकडून उचललेला माल तुमच्या गोदामाकडे येत असेल आणि घेणारे तुम्ही आधीच ठरलेले असाल, तर ती वाहतूक तुमच्यामुळे झाली असं कायदा मानतो, आणि ई-वे बिल तुम्हीच काढायचं. "त्याच्याकडे जीएसटी नाही म्हणून बिल नाही" हे उत्तर चालत नाही.

नगरपरिषदेच्या केंद्रावरून उचललेल्या मालासोबत केंद्राची सही-शिक्क्याची पावती ठेवा, तारीख, प्रकार आणि वजन लिहिलेली. सिमेंट कारखान्याला जाणाऱ्या मालाचे पैसे मिळत नसतील, उलट तुम्हालाच वाहतूक सोसावी लागत असेल, तरीही डिलिव्हरी चलन, कारखान्याचं स्वीकृतीपत्र आणि त्यांना असा कचरा जाळायची प्रदूषण मंडळानं दिलेल्या परवानगीची प्रत गाडीत हवी. हे नसेल तर सीमेपलीकडच्या गावात लोक समजतात की कोणीतरी बाहेरचा कचरा टाकायला आलंय, आणि त्यांची शंका चुकीची म्हणता येत नाही.

पोलिसांचा मुद्दा वेगळा. भंगारात रेल्वे रुळाचा तुकडा, रूळ जोडणारी पट्टी (फिशप्लेट), वीज कंपनीची अॅल्युमिनियम तार, टेलिफोनची केबल किंवा गटाराचं झाकण दिसलं की चोरीचा संशय येतो आणि गाडी ठाण्यात जाते. रेल्वेच्या मालाला तर १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि तो वैध मार्गानं आला हे मालकालाच दाखवावं लागतं. लिलावातून घेतलेला असेल तर लिलावाची पावती आणि डिलिव्हरी ऑर्डर त्या गाडीसोबतच पाठवा. नसेल तर असा तुकडा गोदामात घ्यायचाच नाही.

शेवटचा भाग धोकादायक मालाचा. सुक्या कचऱ्याच्या नावाखाली जुन्या बॅटऱ्या, वापरलेलं ऑइल, रसायनांचे रिकामे ड्रम येतात. स्वच्छ लोखंडाला जे नियम लागू नाहीत ते यांना लागू आहेत: २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम, बॅटऱ्यांसाठी शिवाय २०२२ चे. रसायन लागलेले रिकामे ड्रमसुद्धा त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे अनेकांना पटत नाही. असा माल नेताना पाठवणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं, ज्यानं वाहतूक ठरवली त्याचं, प्रदूषण मंडळाचं अधिकारपत्र लागतं. सात रंगांच्या प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे माल कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद, लागतं. त्यातली नारिंगी प्रत वाहतूकदाराची, पिवळी पाठवणाऱ्याची, आणि माल परराज्यात गेला तर करडी प्रत घेणाऱ्यानं पाठवणाऱ्याच्या राज्याच्या मंडळाला धाडायची. पुनर्वापरासाठी दुसऱ्या राज्यात नेताना दोन्ही मंडळांना आधी कळवावं लागतं. नुसतं पुरून टाकायला किंवा जाळायला नेत असाल तर दोघांची ना हरकत लागते. ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेतल्याची नोंद हवी आणि केबिनमध्ये आणीबाणीच्या सूचनांचं कार्ड, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत. तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे बॅटऱ्या, ऑइल आणि ड्रम छपराखाली वेगळे साठवणं आणि अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याची गाडी बोलावणं. लोखंडाच्या ट्रकमध्ये चार बॅटऱ्या खाली लपवून पाठवल्या तर एका फुटलेल्या बॅटरीच्या अॅसिडनं हौद्याचा पत्राही जातो आणि सगळी गाडी घातक कचऱ्याची ठरते.

आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या प्रती डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमध्ये असल्या तरी चालतात, २०१८ पासून नियमातच तशी तरतूद आहे. पण घाटात नेटवर्क नसतं, म्हणून एक छापील संच केबिनमध्ये ठेवा. बिल्टी, इन्व्हॉइस, ई-वे बिल आणि काटा पावती यांच्यावरचा गाडी नंबर आणि निव्वळ वजन ड्रायव्हरनं गेटबाहेर पडण्याआधी बोट ठेवून जुळवायचं. शहरांच्या नो एंट्रीच्या वेळा पोलिसांच्या अधिसूचनेनं बदलत असतात, आणि गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना दरवर्षी काही दिवस बंदी असते. कोकणातून माल उचलायचा असेल तर त्या तारखा जाहीर होईपर्यंत गाडी ठरवू नका.

तुमच्यासाठी क्रम असा लावा: आधी चलनावरचं कलम बघून दंड भरा, मग ट्रकचं फिटनेस, कर आणि विमा चालू करा, मग महाराष्ट्राचं परमिट. ते हातात येईपर्यंत जालन्याचा माल भाड्याच्या गाडीनंच पाठवा. नगरपरिषदेच्या कामाच्या आदेशाची प्रत इथे टाकलीत, नावं झाकून, तर सिमेंट कारखान्याच्या फेरीला सूट बसते का हे कलम वाचून सांगता येईल.